बाबांचं धरण आणि आईचा गहू

आमच्या शेतातून एक नाला वाहतो. पावसाळ्यात धिंगाणा घालायचा आणि दिवाळी झाली की गप्प बसायचं, एवढंच त्याला ठाऊक. मी चिखलीच्या शाळेत शिकवायला लागले त्या उन्हाळ्यात बाबांनी त्याला अडवायचं ठरवलं. जेसीबी आला. मधे काळी माती, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड, आणि जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून एका कडेला सांडवा. माती दबावी म्हणून बाबा स्वतः ट्रॅक्टर घेऊन बांधावर मागेपुढे करत राहिले. शनिवारी मी घरी आले की आई म्हणायची, "तुह्या बाबाले आता घराची वाट सापडत नाई."

पहिल्याच पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं. खरं तर ते एक लहानसं तळं, पण मी चुकून तसं म्हटलं तर बाबा लगेच दुरुस्त करायचे, "धरण म्हण, धरण." जानेफळहून कुणी पाहुणा आला की आधी धरण आणि मग चहा. एकदा तर युरियाच्या चौकशीला आलेल्या माणसालाही त्यांनी बांधावर नेऊन पाऊण तास उभं केलं.

त्या पाण्याच्या भरवशावर आईने गहू पेरायला लावला. गहू उगवला, तरारला, आणि मग त्याला पाण्याचा ताण पडला. आईने विचारलं, "मोटर कधी लावता?"

"लावू ना. जरा थंडी पडू दे."

थंडी पडली. मग कुठून तरी दहा-बारा बदकं उतरली. "मोटरीच्या आवाजानं उडून जातीन बिचारी," बाबा म्हणाले. बदकांनंतर बाबांच्या साडूची पाळी आली. तो रविवारी येणार होता आणि त्याला भरलेलं धरण दाखवायचं होतं. साडू आला, पाहून गेला. बाबा मात्र संध्याकाळी पुन्हा बांधावर जाऊन बसले.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा गव्हाची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली होती. आई ताटं वाढता वाढता म्हणाली, "धरण कायले बांधलं वो तुमी?"

"भिजवाले."

"मंग भिजवा ना."

"हाव, भिजवू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सकाळी पाय तं खरं, कसं दिसते. ऊन पडलं की डोये दिपते."

मी पाहिलं होतं. छानच दिसायचं. आयुष्यभर कोरड्या नाल्याकडे पाहत आलेल्या माणसाला त्याचं काय वाटत असेल, हे मला कळत होतं. पण गहूही दिसत होता.

त्याच आठवड्यात जळगाव जामोदला नात्यातलं लग्न निघालं. ते अंतर मोठं, म्हणजे मुक्काम आलाच. आईने सकाळी गुडघा धरला. "मले बसमधी बसवत नाई. तुमी जाऊन या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आईपाशी कुणी तरी पाहिजेच ना."

बाबांची बस गेली आणि आईचा गुडघा बरा झाला.

आम्ही दोघी शेतात गेलो. पाईप टाकणं, स्प्रिंकलर उभे करणं आईने जन्मभर पाहिलं होतं, तेवढं जमलं; पण मोटरीला तिने हात कधी लावला नव्हता. लाईन, म्हणजे वीज, आलेली होती. आईने स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली, पाणी मात्र येईना.

"हवा धरली असन," मी म्हटलं. पूर्वी दिवाळीपर्यंत नाल्यावर मोटर चालायची तेव्हा बाबा आधी तिच्यात पाणी भरायचे, हे मला आठवलं. मोटर बंद करून आम्ही धरणातून बादल्या आणल्या, झाकण काढून पाणी ओतलं. अर्धं मोटरीत गेलं, अर्धं माझ्या चपलांवर. झाकण घट्ट करून पुन्हा बटण दाबलं. पाईप थरथरला, ताठ झाला, आणि पलीकडे स्प्रिंकलर फटफट फटफट करत फिरायला लागले. एक फवारा सरळ आईच्या तोंडावर आला. पदर खोचून ती तिथेच उभी राहिली, नखशिखांत भिजलेली, आणि इतकी हसली की मलाही हसू आवरेना. बदकांनी एकदा माना वर केल्या आणि पलीकडच्या काठाला सरकली.

दुसऱ्या दिवशीही लाईन होती तोवर आम्ही भिजवलं.

बाबा परतले ते पिशवी हातात घेऊन थेट बांधावर. काठच्या दगडांवर ओली रेघ उठून दिसत होती आणि पाणी तिच्या बरंच खाली गेलं होतं. घरी येऊन त्यांनी विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"गव्हात," आई म्हणाली.

बाबांनी लग्नातली बुंदी पिशवीतून काढून ठेवली, जेवले, झोपले. आई जरा धास्तावली होती, तिने मला दोनदा विचारलं, "लय राग आला असन का गं?"

सकाळी मी पाहिलं तर बाबा धरणावर नव्हते. ते गव्हात उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि एका रोपाचं पान बोटांत धरून न्याहाळत होते. मला पाहून म्हणाले, "एका पाण्यात केवढं सुधरलं पाय. काल पलीकडचं काऊन सोडलं तुमी?" दुपारी त्यांनी स्वतः मोटर लावली. एक मोठा दगड दाखवून एवढंच बजावलं, की त्याच्याखाली पाणी जाऊ द्यायचं नाही, बदकांसाठी.

तेही त्यांनी फार दिवस पाळलं नाही. पाणी उतरलं तशी काठाला ओली, लोण्यासारखी मऊ गाळाची पट्टी उघडी पडली. आईने तिथे डांगर, म्हणजे खरबुजाचं बी टोचलं. न खत, न पाणी, तरी वेल असे पसरले की बाबा चकित. मग त्यांना धीर निघेना. रोज सकाळी काठावर जायचं आणि ओरडायचं, "अवं, अजून एक ओळ बसते इथं! बी हाये का?"

उन्हाळ्यात धरणात मधोमध एक डबकं तेवढं उरलं आणि चारी बाजूंनी पिवळी डांगरं. एका रविवारी बाबांनी त्यातली दोन माझ्यासोबत दिली, शाळेतल्या बाईंना म्हणून. चिखलीच्या एसटीत ती मी मांडीवर घेऊन बसले. वास साऱ्या गाडीभर पसरला. शेजारच्या आजी दोन गावं डांगरांकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पोरी, चाकू असता तं बरं झालं असतं."