शिडाच्या कापडाचा टायर

फेब्रुवारी १९६४. ईद तोंडावर आलेली आणि मी हेअरपिनने शिवणमशीनच्या शटलमधलं पंक्चरचं सोल्यूशन खरवडत बसले होते.

दुबईत, खाडीकाठच्या देऱ्यात आमचं सायकलचं दुकान, मागे राहायची खोली. एका इंग्रज साहेबाने आपल्या आजोबांची सायकल विलायतेहून बोटीने मागवली होती आणि दुरुस्तीला आमच्याकडे टाकली होती. आजोबा म्हणे तिच्यावरून महिनामहिना गावोगाव हिंडत. दांड्याची चामडी पिशवी, पुढचा तेलाचा दिवा, सगळं शाबूत होतं. टायर मात्र हवेच्या टायरांच्या अगदी पहिल्या काळातले: आत रबरी नळी, वर कापडाची शिवलेली खोळ, त्यावर रबर, आणि सगळं रिमला चिकटवलेलं. कापड कुजलं होतं. तसा टायर आता कुठेच मिळत नव्हता.

नवऱ्याने सांगून टाकलं, मी बनवतो. खाडीवरून शिडाचं कापड आणलं आणि मी शेजारी गेलेली बघून माझ्या मशीनवर शिवलं. कापडावर लावलेलं सोल्यूशन अजून ओलंच. शेजारणींचे ईदचे कपडे कापून चटईवर पडले होते आणि मशीनचं चाक हलेना.

“दोनच शिवणी मारल्या,” तो म्हणाला.

“मला विचारायचंत तरी.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

धाकटा दीर दारातून म्हणाला, “भाभी, कपड्यांतही हवा भरा. ईदला बायका फुगून फिरतील.”

नवरा हसला.

दुपारनंतर साहेब आला. नवऱ्याने पुढच्या चाकात हवा भरली. खोळ टिकली. साहेबाने दुकानासमोर सायकल हातात धरून फिरवली, नवऱ्याबरोबर फोटो काढला आणि गेला.

“मागचा टायर तू हाताने शिव,” नवरा मला म्हणाला. “मशीनपेक्षा तुझी शिवण पक्की. साहेब खूश झाला तर गोऱ्यांच्या कॅम्पातल्या सगळ्या सायकली आपल्याकडे येतील, इन्शाल्ला.”

“आणि हे कपडे?”

“बायकांचेच तर आहेत. थांबतील त्या.”

“ईद थांबेल का?”

तो रोजा सोडायला मशिदीत निघून गेला. मशीन काही सुटलं नाही. शटल वाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापलेली कापडं घरोघरी परत केली. कोपऱ्यावरच्या अरब बाईने गाठोडं हातात घेऊन एवढंच विचारलं, “खलास?” मी म्हटलं, “खलास.” वर्षभर तिच्या घरचं सगळं शिवण माझ्याकडे होतं. घरी आले तेव्हा नवरा झोपला होता. उशाशी शिडाचं कापड, जाड सुई आणि दोरा माझ्यासाठी काढून ठेवलेला. त्याला हात न लावता मी मशीन हमालाच्या डोक्यावर दिलं आणि होडीने खाडीपलीकडे दुरुस्तीला घेऊन गेले.