भिंतीवरचा गहू

कॅनडात, मिल्टनमध्ये, आमच्या शेजारच्या घरात एक म्हाताऱ्या ग्रीक बाई एकट्या राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. या शब्दाचा अर्थ सांगितल्यापासून त्या मला हक्काने रागावतात.

माझी आई गेली तेव्हा मला वेळेवर तिकीट मिळालं नाही. दहाव्याला मी इथेच घरामागच्या लाकडी डेकवरचा बर्फ बाजूला केला, भाताचा पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत उभी राहिले. मावशींनी कुंपणापलीकडून विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं मन शांत आहे असं आम्ही समजतो. नाही शिवला तर त्याची एखादी इच्छा राहिलेली असते. त्या हसल्या नाहीत. कोट चढवून आल्या आणि कावळा येईपर्यंत माझ्याबरोबर कुडकुडत उभ्या राहिल्या.

अशा बाईशी मी यंदा काय वागले, ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आम्ही नवराबायको ग्रीसमधल्या क्रीट बेटावर फिरायला निघालो होतो. मावशींचं माहेर त्याच बेटावर, डोंगरातल्या एका गावात. त्यांनी परक्या गावच्या माणसाशी लग्न केलं म्हणून भावाने कायमचं बोलणं टाकलं होतं. तो गेल्या वर्षी वारला, आणि आम्ही तिथे असताना एका रविवारी चर्चमध्ये त्याच्या नावाची वर्षाची प्रार्थना होती. मावशींच्या गुडघ्यांना आता विमानप्रवास झेपत नाही.

"उकडलेला गोड गहू वाटतात," त्या म्हणाल्या. "खाणारा प्रत्येकजण म्हणतो, देव त्याला क्षमा करो. सगळ्या गावाचं म्हणून झालं. मीच राहिले. घरात बसून म्हणायला गेले तर तोंडातून निघत नाही. तिथला मूठभर गहू आणशील? तो खाल्ला की निघेल."

"मूठभर कशाला, पिशवी भरून आणते," मी म्हटलं. बोलायला मी पहिल्यापासून शूर.

डोंगरातला रस्ता एका गाडीपुरता होता आणि त्यावर पहिला हक्क शेळ्यांचा होता. वाटेतल्या गावांत दगडी घरं, दारापुढे तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली तुळशीसारखी रोपं, चहाच्या टपरीवर बसावं तसे कॉफी घेऊन बसलेले म्हातारे. यांनी दोनदा वाट चुकवली आणि दोन्ही वेळा दोष जीपीएसला दिला. मी तेव्हा खुशीत होते.

चर्चमध्ये मोठ्या परातीत गहू होता, वर पिठीसाखरेचा थर आणि त्यावर बदामांचा क्रूस. आत डाळिंबाचे दाणे, बेदाणे, अक्रोड. मावशींच्या वहिनींनी, म्हणजे त्या भावाच्या विधवेने, आम्हाला जवळ घेतलं. यांनी लगेच बकाणा भरला.

"अगं, टेस्ट तर कर! आपल्या खिरीसारखंच लागतंय."

"अहो, वर्षश्राद्धाचं आहे ते!" मी दबक्या आवाजात म्हटलं. वहिनींना पोटावर हात ठेवून दाखवला, की तब्येत बरी नाही. त्यांनी ते खरं मानलं आणि मावशींसाठी एक कागदी पुडी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

ती पुडी पर्समध्ये टाकली आणि माझं डोकं फिरलं. कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलाम गावी राहणाऱ्या आमच्या मुलीला सातवा महिना लागला होता. परतल्यावर पुढच्याच आठवड्यात डोहाळजेवणाला जायचं होतं. तिच्या ओटीचा खण मी हौसेने क्रीटला घेतला होता आणि तोही त्याच पर्समध्ये. आयुष्यभर मी सासूबाईंच्या सोवळ्याची टिंगल केली. पण त्या दिवशी मला त्या खणाशेजारी मेलेल्या माणसाचा गहू सहन होईना.

गावाबाहेर झऱ्याजवळ मी गाडी थांबवायला लावली. पुडी उघडून गहू दगडी भिंतीवर ओतला. मनाची समजूतही तयार होती: टाकत थोडीच आहे, कावळ्यांना ठेवते आहे. समोरच्या झाडावर दोन कावळे होतेसुद्धा. त्यांनी खाली बघितलं आणि उडून गेले. मी थांबले. एक मांजर आलं, हुंगून निघून गेलं. यांनी हॉर्न दिला.

मिल्टनला पोचलो तर मावशींनी आमच्या दाराला चिठ्ठी अडकवलेली: उद्या चर्चहून आले की कॉफीला ये. मी काय करावं? खरं सांगायचं सोडून सकाळी इंडियन ग्रोसरीतला गहू शिजवला. डाळिंब, बेदाणे, अक्रोड, पिठीसाखर, सगळं आठवून घातलं. यांनी बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

मावशींनी चर्चचे चांगले कपडे अजून बदलले नव्हते. एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि चावता चावता थांबल्या.

"यात वेलची आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या दिवाळीच्या डब्यात असते ती."

गोडाला वेलची. हाताला इतकी सवय की पूड केव्हा पडली ते मला कळलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मुलीचं सांगितलं, खणाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं.

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही दिवस गेलेल्या बाईला प्रेतयात्रेला नेत नाहीत. मला विचारायचं होतंस. मीच म्हटलं असतं, नको आणू."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठायला लागले तसा त्यांनी माझा हात धरला.

"भिंतीवर ठेवलास. मग कावळे आले?"

डेकवर माझ्याशेजारी उभं राहून शिकलेलं त्या विसरल्या नव्हत्या. भावाचं मन कशात अडकलं होतं का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

"आले," मी म्हटलं. "लगेच आले."

त्यांचा चेहरा सैलावला. त्यांनी माझ्या वेलचीच्या गव्हाचा आणखी एक चमचा घेतला आणि ग्रीकमध्ये हळूच काहीतरी पुटपुटल्या. तिथल्या चर्चमध्ये तेच शब्द मी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकले होते. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, मुलीची तारीख कधीची आहे, बाळासाठी मोजे विणायचेत.

मी तारीख सांगितली. कावळा शिवला नव्हता, हे अजून सांगितलेलं नाही.