गोळीची भूक

माझी मुलगी एकोणतीस वर्षांची असताना मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. एवढं एक वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले.

पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. ओझरच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो, त्याआधीच बायको गेली होती. मुलगी एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना गणित शिकवायची. मग तिला भिंतीपलीकडून माणसं आपल्याबद्दल बोलताना ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. झोपताना घ्यायची एक गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत आवाज थांबले. मला वाटलं, सुटलो.

मग भूक सुरू झाली. जेवून उठल्यावर दहा मिनिटांत ती पुन्हा डबे उघडायची. शेव, साखर, सकाळचा गार भात, काहीही चालायचं. बावन्न किलोची मुलगी दीड वर्षात ब्याऐंशीवर गेली. रक्त तपासलं तर शुगर वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्याकडे लक्ष ठेवा.

मी लक्ष ठेवलं. उभी नोकरी सुटे भाग मोजून पास-नापास करण्यात गेलेली. पोळ्या मोजून वाढायला लागलो. दर रविवारी तिला काट्यावर उभं करायचो आणि आकडा भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचो. दिंडोरीहून मेहुण्यांनी द्राक्षांची पेटी पाठवली, ती मी तिच्यादेखत शेजाऱ्यांत वाटून टाकली. तरी डबे रिकामे होतच राहिले, तेव्हा कुलूप आणलं.

एकदा दुपारी हयातीचा दाखला देऊन बँकेतून लवकर परतलो. ती ओट्याखाली फरशीवर बसली होती. कुलपाबाहेर फक्त कणकेचा डबा राहिला होता. तिने वाटीत कणीक पाण्यात कालवली होती आणि बोटांनी चाटून खात होती. मला पाहून तिने वाटी लपवलीसुद्धा नाही.

"बाबा, पोट भरतच नाही. मी काय करू?"

"जरा ताबा ठेव ना स्वतःवर," मी म्हणालो.

त्यानंतर तिचं वजन उतरायला लागलं. एका महिन्यात तीन किलो, पुढच्या महिन्यात आणखी दोन. मी खूश होतो. तिला शाबासकी दिली, बहिणीला फोन करून सांगितलं. ती गोळी जिभेखाली धरून नंतर बेसिनमध्ये थुंकते आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग एक दिवस तिने घरातलं पाणी प्यायचं सोडलं. टाकीत कोणीतरी काहीतरी कालवलंय, असं तिला वाटत होतं. मी ग्लास पुढे केला तर माझ्याकडेच संशयाने बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला दवाखान्यात दाखल केलं. ती तिथे तीन आठवडे होती.

डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बोलावलं. "तिने गोळी का सोडली, विचारलंत?"

"वजनामुळे, असं म्हणाली."

"तुम्ही घरी काय करत होता?"

मी सगळं सांगितलं, कुलपासकट. त्या म्हणाल्या, "ही भूक औषधाने लागते, काका. ताबा ठेव म्हटल्याने ती जात नाही. मीही हे तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं. आधी ते कुलूप काढा."

त्यांनी हळूहळू गोळी बदलली. जेवणाबरोबर घ्यायची शुगरची गोळी दिली. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि टेपने कंबर मोजायची, असं ठरलं. मी तक्ता फाडला. नागलीची भाकरी आणि उसळ करायला शिकलो. भाकऱ्या माझ्याच्याने अजून गोल होत नाहीत. संध्याकाळी आम्ही मखमलाबादच्या बाजूला कॅनॉलच्या कडेने चालायला जाऊ लागलो. सुरुवातीला ती माझ्या चार पावलं मागे राहायची. तिला दम लागायचा म्हणून, की माझ्याबरोबर चालायचं नव्हतं म्हणून, हे मी विचारलं नाही.

वजन शहात्तरवर आलं आणि तिथेच थांबलं. नव्या गोळीने भूक कमी झाली, पण आवाज पूर्ण गेले नाहीत. "एक जण आहे अजून," ती मला म्हणाली. "पण हळू बोलतो. चालेल मला." क्लासने तिला परत बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात रिपोर्ट आला. शुगर पुन्हा थोडी चढली आहे, आणखी एक गोळी वाढली. रिक्षातून घरी येताना ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आईला पण शुगर होती ना?"

"हो. पण तिला पन्नाशीनंतर झाली."

"मला लवकर झाली," ती म्हणाली, आणि रिपोर्टची घडी करून पर्समध्ये ठेवली.

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.