बेअरिंग न ओरडता मरत नाही

गाडी म्हातारी झाली की आधी काय जातं, ते माझ्या मामाला विचारावं. लोखंड दम धरतं. आधी रबर जातं. बुश, पाण्याचे पाइप, इंजिनाखालचे माउंट. मग प्लास्टिक तडकतं. त्यानंतर पाण्याचा पंप, म्हणजे त्याच्या आतलं बेअरिंग. "पण तो बिचारा आधी सांगतो," मामा म्हणायचा. "बेअरिंग न ओरडता मरत नाही. आपल्याला ऐकू यायला पाहिजे, बस."

गॅरेजात त्याला सगळे कानवाले म्हणतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनच्या पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

आई गेल्यावर मला ह्याच माणसाने वाढवलं. नववीत मी शाळा सोडली तेव्हा मामीने घर डोक्यावर घेतलं. मामाने गुपचूप माझ्या हातात पाना दिला. त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं ना, तर मी थोबाड फोडते. फोडलंय एकदा.

गेल्या वर्षी मामाचे कान गेले. मालकाला कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं. स्क्रू ड्रायव्हर त्याने लावायचा, शेजारी उभं राहून ऐकायचं मी. पंप चांगला असेल तर त्याच्या बुटावर एकदा पाय द्यायचा, खराब असेल तर दोनदा. वर्षभर कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही.

त्या सोमवारी टॅक्सीवाले काका आले. "कानवाले, गाडीला सोळा वर्षं झाली. पंप अजून कंपनीचाच आहे. माझ्या दातांसारखा."

"तुमचे दात तरी कुठे राहिलेत?" मामा ओठांवरून ओळखून म्हणाला.

मी पाइप आणायला दुकानात गेले होते. नेमका मालक मामाजवळ येऊन उभा राहिला. "अहो, आटपा की. मागे रांग लागलीय." मामाने माझी वाट पाहिली असणार. किती पाहणार? शेवटी पंप चांगला आहे म्हणून सांगून टाकलं असणार.

मी परतले तेव्हा टॅक्सी गेटातून बाहेर पडत होती. आणि मला ऐकू आलं. घरघर, सवयीच्या कानालाच कळेल अशी. दगड चावल्यासारखी.

मामा हात हलवत होता. मालक शेजारीच. ओरडले असते तर मामा सगळ्यांसमोर उघडा पडला असता. मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, फोन करून बोलावून घेऊ. संध्याकाळी केला, लागला नाही. दुसऱ्यांदा मी केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी दोरीने ओढत आणली. पंप जाम, बेल्ट तुटलेला, व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकलेले. इंजिन खलास.

"कानवाले, तुम्ही ऐकलं होतंत ना?" काका एवढंच म्हणाले. मामाने मान खाली घातली.

मालक माझ्याकडे वळला. "गेटाशी तू होतीस. आवाज होता?"

"नव्हता," मी म्हणाले.

"मग कोण काय करणार? पंप न सांगता गेला."

काकांनीही मान हलवली. सीटवरची उशी काढून काखेत मारली आणि चालत घरी गेले.

सगळे पांगल्यावर मामा तो पंप हातात घेऊन बसला. अंगठ्याने फिरवून बघत होता. हलेना.

"मला तरी खरं सांग," तो म्हणाला. "नव्हता आवाज?"

मी मान हलवली. नव्हता.

त्याने विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवतोच तो. "म्हणजे तीस वर्षं मी लोकांना काहीतरीच सांगत होतो," म्हणाला.

मालकाने त्याला काढलं नाही. मामा रोज येतो, नटबोल्ट धुतो. स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला टांगलाय. आधी काय जातं असं कोणी विचारलं तर म्हणतो, "काही सांगता येत नाही बुवा." मी शेजारी जाऊन उभी राहते. तो पाय स्टुलाखाली ओढून घेतो.

खरं रोज तोंडाशी येतं. रोज गिळते.