अक्कांची गोणी

महाशिवरात्रीनंतरचा मंगळवार, सकाळ, दुकानाचं मागचं दार. हजर: मी, गोदामाची जबाबदारी माझी, बेकरी काउंटरच्या मावशी, चिकन काउंटरचे चाचा, आणि अक्कलकोट रोडला म्हशी पाळणाऱ्या अक्का. आमच्या दुकानात सुकलेली भाजी, शिळा पाव उरतो. ते अक्का रोज गोणीतून म्हशींसाठी नेतात.

आमचा नियम सोपा आहे. मांस, मासे, अंडी आणि त्यांना लागलेलं काहीही लाल पिंपात. ते पिंप वेगळ्या गाडीतून जातं. त्यातलं काही जनावराच्या तोंडी जायचं नाही, रोगाची भीती असते. शिवाय अक्कांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हा नियम मी भिंतीवर लावला होता आणि मावशींना तो पाठ होता.

अक्कांनी गोणी मोपेडवर चढवली तेवढ्यात चाचा बाहेर आले आणि वास घेत थांबले.

"अक्का, थैली उतारो जरा. इसमें मेरा मसाला है."

"तुमचा मसाला माझ्या गोणीत कसा येतो, चाचा?"

"वोइच तो मैं पूछ रा."

गोणी सोडली. पावांखाली आदल्या दिवशीचे चिकन पफ होते, एकूण एक पोट फाडलेले. आतलं चाचांच्या मसाल्याचं चिकन काढून टाकलेलं.

मावशी पुढे आल्या. "तुकडे वेचून काढले की मी. लाल पिंपातच टाकले. वरचं चांगलं खायचं वाया कशाला घालवायचं? डाळीत खडा सापडला म्हणून डाळ फेकतो व्हय आपण?"

"मौसी, खडा निकलता. रस्सा नै निकलता," चाचा म्हणाले.

मावशींच्या मनात वाईट काही नव्हतं. ताटात टाकायचं नाही, उरलं तर जनावराला घालायचं, हे आम्ही सगळ्याच घरून शिकून आलेल्या. पण अक्का गोणीकडे बघत उभ्या होत्या.

"थोरली म्हैस व्यायला आलीय," त्या म्हणाल्या. "तिच्या पोटात काय जातंय ते मला माहीत पाहिजे की. उद्यापासून नको मला तुमचं."

मी आधी समोरचं काम उरकलं. सगळी गोणी लाल पिंपात. ती चाचांनीच उचलली. मग ते लांब जाऊन उभे राहिले. "अब मैं हाथ नै लगाता. तुम लोगां भरो."

सकाळची ताजी भाजी नुकतीच उतरली होती. मावशी खाली बसल्या. फ्लॉवरचा पाला, मेथीच्या काड्या, मक्याच्या कणसांची सालं, सगळं त्यांनी निवडून नव्या गोणीत भरलं. गोणीचं तोंड बांधून त्यांनी ती मोपेडशी नेऊन ठेवली.

अक्कांनी गाठ ओढून पाहिली. "कुणी बांधली?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"मग रोज तुम्हीच बांधायची. दुसऱ्या कुणी बांधलेली मी नेणार न्हाई. एकदा चुकलेलं माणूस दोनदा बघतंय."

"आणि सुट्टी घेतली तर?"

"तर म्हशींचा उपास," अक्का म्हणाल्या आणि मोपेड चालू केली.

तेव्हापासून गोणी मावशीच बांधतात, आणि सुट्टी घ्यायची तर अक्कांना आधी सांगतात. चाचा जाता-येता वास घेतल्यासारखं करून चिडवतात. भिंतीवरचा कागद अजून आहे, पण आमच्याकडचं काम चालतं ते या तिघांमुळे. त्यांचे उपकार मी एरवी बोलून दाखवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पुढे थोरली सुखरूप व्यायली, रेडी झाली. अक्कांनी स्टीलच्या डब्यातून खरवस आणला. पहिली वडी त्यांनी चाचांच्या हातावर ठेवली. "घ्या, नाकाची मजुरी."

तो डबा अजून माझ्या कपाटात आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि मावशींनी बजावलंय, शेंगापोळी त्या स्वतःच करणार, दुकानातलं काही घालायचं नाही. पण आधी त्यांच्या सुनेचं दुखणं, मग लग्नसराई, मग शेंगदाण्याला खवट वास. माझ्या यादीत रोज सकाळी पहिली ओळ तीच असते: अक्कांचा डबा. आजही तिच्यापुढे खूण नाही.