नेमसिंगची चुन्याची रेघ

बंजाऱ्यानं नाव हाकावी हेच मुळात निंबधऱ्याच्या लोकांना पटलं नव्हतं. नाव भोयानं हाकावी, बंजाऱ्यानं बैल हाकावेत. नेमसिंगच्या आजानं तर हयातभर बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला होता. पण छप्पन साली घाटावरचा म्हातारा भोई खाटेला खिळला आणि त्याच्या जागी कोणी उभं राहीना. त्यात पैनगंगेपलीकडचा मुलूख, ज्याला लोक अजून मोगलाईच म्हणत, त्याच साली आपल्या राज्यात आला आणि ये-जा दुप्पट झाली. म्हणून नेमसिंगच्या हाती वल्हं आलं.

"बैलाले वेसण घालतेत. नावेले काय घालशीन?" गावचे सरपंच मारोतराव यांनी भर घाटावर विचारलं, आणि माणसं पोट धरून हसली.

नेमसिंगनं नावेला रेघ घातली. चुना जवसाच्या तेलात कालवून त्यानं नावेच्या दोन्ही अंगांना बाहेरून, काठापासून वीतभर खाली, एक पांढरा पट्टा ओढला. रेघ पाण्याला टेकली की नाव हलायची नाही. शेवटी चढला असेल त्यानं उतरायचं, मग तो कोणी का असेना. ही अक्कल त्याला आजाकडून मिळाली होती. वाटेत नदी लागली की आजा प्रत्येक बैलावरचं थोडं ओझं उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या खेपेला न्यायचा. तांड्यातले चिडले की म्हणायचा, "बैल पोहते, गोणी नाही पोहत." एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, आणि त्याची एकही गोणी कधी भिजली नाही.

निंबधऱ्याला मात्र हे भेकडपणाचं लक्षण वाटलं. बाजाराच्या दिवशी नाव अर्धी रिकामी दिसायची आणि काठावर माणसं खोळंबलेली. अठ्ठावन्न साली तर कहर झाला. मारोतराव लेकीच्या साक्षगंधाला निघालेले, नवा फेटा, अंगाला अत्तर. वऱ्हाडी आधी बसले, आणि मोठ्या माणसाला शोभेल असे मारोतराव सगळ्यात शेवटी चढले. रेघ बुडाली.

"उतरा मालक," नेमसिंग म्हणाला.

"कोन बसलं हाये हे दिसते का तुले?"

"तुमी दिसता ना. रेघ दिसून नाही राह्यली."

मुलीचा बाप तासभर उन्हात काठावर बसला आणि नारळ, साखर, भटजी पुढं गेले. त्या दिवसापासून मारोतरावांनी नेमसिंगला माफ केलं नाही. त्यांचंही काही चुकलं असं नाही. फेट्याखाली घाम फुटलेला असताना सुरक्षितता कोणाला सुचते!

घाटाची एक वही होती. शाळामास्तर महिन्याच्या अखेरीस ती भरत. तिच्यात 'अपघात' असा एक रकाना होता आणि मास्तर त्यात दर महिन्याला 'निरंक' लिहीत. नेमसिंगला वाचता येत नव्हतं, पण तो शब्द बोटानं दाखवता येत होता. सरकारदरबारी आपलं जे काही नाव आहे ते ह्या एका शब्दात आहे, अशी त्याची समजूत होती. समजूत खरीच निघाली, फक्त उलट्या बाजूनं.

साठ साली चार कोस खाली, सावरघाटावर, नाव बुडाली. सोळा माणसांच्या नावेत जत्रेचे अठ्ठावीस जण आणि सहा शेळ्या. तिथला नावाडी फुलचंद पिढीजात भोई, पाण्यात मासा. त्यानं बुडणारे नऊ जण ओढून काढले, बाकीचे आपापले काठाला लागले. दोन गेले, एक म्हातारी आणि तिची सून. पंधरा ऑगस्टला कचेरीपुढं फुलचंदच्या कोटावर पदक लागलं. सावरघाटाला सागाची नवी नाव मिळाली, जाड दोर मिळाला, एक मदतनीस मंजूर झाला. नाव बुडवली कोणी, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

इकडे नेमसिंगच्या नावेच्या फळ्या कुजत चालल्या होत्या. त्यानं मास्तरांकडून दोनदा अर्ज लिहवून घेतला. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं आणि मास्तरांनी ते पारावर वाचून दाखवलं. "सदर घाटावर सन १९५६ पासून आजतागायत एकही अपघात घडल्याची नोंद नाही. सबब घाट सुरक्षित असल्याने नवीन फळ्या, दोर व मदतनीस यांची आवश्यकता दिसून येत नाही."

नेमसिंगला वाटलं, मास्तर पान चुकले. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं.

मारोतरावांना मात्र सरकारची भाषा कळत होती. वर्षभरानं, दिवाळी आटोपल्यावर, पाहणीला साहेब येणार असं कळलं, तेव्हा ते स्वतः तांड्यावर चालत आले. घाट टिकला नाही तर त्यांचाच कापूस चार कोसांचा वळसा घेणार होता.

"एक बुडव," ते म्हणाले. "मोठी नाही, लहानशी. रेतीच्या दांड्यापाशी कमरेइतकं पानी हाये, थितं कलंडव. मानूस एकही मेला नाही पाह्यजे. शेळी मेली तं चालते. शेळी मी देतो."

"अन् मी?"

"तू चार जनाईले ओढून काढजो. पदक भेटते लेका, नाव भेटते."

नेमसिंगची बायको हंसाबाई चुलीपाशी ऐकत होती. सरपंच गेल्यावर ती म्हणाली, "काहून विचार करून राह्यला? बुडलं नाही म्हनून कोनी भाकर देते का?" तिचंही खोटं नव्हतं. नाव बसली तर वल्ह्यावरचा माणूस दुसऱ्याच्या वावरात निंदणीला जाणार होता. नेमसिंगही त्या विचारानं डगमगला, हे सांगायला हवं. तो काही संत नव्हता. पाहणीच्या सकाळी घाटावर कोणी यायच्या आत त्यानं रेती आणि चिंधी घेतली आणि पाच वर्षांची रेघ घासून काढली.

बाजाराचा दिवस होता. रेघ नाही म्हटल्यावर माणसं हरखून चढली. मारोतरावांची शेळी चढली. तांड्यातली म्हातारी सोनीबाई ज्वारीचं गठुडं मांडीवर घेऊन मधोमध बसली आणि "आज नेमसिंग शाना झाला" म्हणाली. तिला पोहता येत नव्हतं. कमरेइतकं पाणी म्हणजे मारोतरावांच्या कमरेइतकं, सोनीबाईच्या ते गळ्याला लागलं असतं. नेमसिंग नावेच्या अंगाकडं बघत राहिला. पुसलेली रेघ त्याला स्पष्ट दिसत होती, पाण्याच्या चार बोटं खाली.

तेवढ्यात साहेब आले. बूट, कागदांची थैली आणि छत्रीसकट ते नावेत चढले. सगळ्यात शेवटी.

नेमसिंगच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, उतरा."

काठावरून मारोतरावांनी कपाळावर हात मारला.

"का?" साहेबांनी विचारलं.

"रेघ बुडाली."

साहेबांनी एका अंगानं वाकून पाहिलं, दुसऱ्या अंगानं वाकून पाहिलं. "कुठं आहे रेघ?"

आता काय सांगणार! तरी नेमसिंगनं साहेबांना उतरवलं, मग शेळीला, मग आणखी सात जणांना, आणि सोनीबाईला सुखरूप पलीकडं सोडून आला. परतला तेव्हा साहेब निघून गेले होते. त्यांचा अहवाल महिन्याभरात आला. नावाडी अस्तित्वात नसलेल्या रेघेची सबब सांगून प्रवाशांना नाकारतो, वर्तन उद्धट. नाव जीर्ण. अपघात निरंक. सबब निंबधरा घाट बंद करण्यात येत असून नेमसिंग यास सावरघाटावर पदकप्राप्त नावाडी फुलचंद यांच्या हाताखाली मदतनीस नेमण्यात येत आहे, जेणेकरून त्यास सुरक्षित नौकानयनाचे शिक्षण मिळेल.

नेमसिंग शिक्षण घ्यायला गेला. सावरघाटाची झोपडी पलीकडच्या तीरावर होती. हंसाबाई तांड्यावरच राहिली. पहिल्याच दिवशी फुलचंदनं त्याला झोपडीमागं नेलं. कोट खुंटीला होता, पदक कोटाला होतं.

"ते तुयी रेघ," फुलचंद हळूच म्हणाला, "किती खाली राह्यते?"

नेमसिंगला वाटलं, हाही चेष्टा करतो आहे.

"नऊ काढले म्हनते सारे. मी दोनच मोजतो, नेमसिंग. रोज मोजतो. म्हातारीचा हात माह्या हातात आलता, सुटला." फुलचंदच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

दोघांनी मिळून चुना कालवला. नव्या नावेत माणसं बसवून, उतरवून, पुन्हा बसवून त्यांनी रेघेची जागा ठरवली. आणि गंमत बघा, सावरघाटावर कोणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. पदकवाल्यानं ओढलेली रेघ ती! लोक तिला 'फुलचंदची रेघ' म्हणू लागले. मारोतरावसुद्धा एकदा कापसाच्या सौद्याला जाताना तिच्यापायी मुकाट्यानं उतरले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "पाह्यलं? याले म्हनते नावाडी." नेमसिंग वल्हं धरून उभा होता. त्याला राग आला आणि हसूही आलं.

दोन वर्षं गेली. चौसष्ट साली कचेरीचा कागद आला. सावरघाटावर दोन वर्षांत अपघात निरंक असल्याने घाट सुरक्षित झाला आहे, सबब मदतनिसाची आवश्यकता राहिलेली नाही.

फुलचंदनं कागद चुरगाळला. "एक डाव बुडवतो. मंग कसं काढतेत तुले ते पाह्यतो."

"मंग किती मोजशीन?" नेमसिंगनं विचारलं.

फुलचंदनं चुरगाळलेला कागद पुन्हा सरळ केला.

निघायचा दिवस बाजाराचाच निघाला. नेमसिंगनं झोपडीतलं घोंगडं आणि भांडी बांधली, आवराआवरीत वेळ गेला, आणि तो घाटावर आला तेव्हा नाव भरलेली होती. फुलचंद वल्ह्यावर, अंगात पदकाचा कोट. निरोपाचा दिवस म्हणून त्यानं तो मुद्दाम घातला होता. नेमसिंग गाठोड्यासकट चढला. फुलचंदनं सवयीनं खाली पाहिलं. मग नेमसिंगकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली.

नावेतल्या एकानं समजूतदारपणे म्हटलं, "चालू द्या आजच्या दिस. घरचाच मानूस हाये."

फुलचंदनं वल्हं खाली ठेवलं.

"उतर, नेमसिंग."

नेमसिंग उतरला. काठावर गाठोडं टेकवून त्यावर बसला आणि नाव पार पलीकडं लागेपर्यंत तिची पांढरी रेघ बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या कामाची किंमत केली होती. दुसऱ्या खेपेला तो घरी गेला.