खिळ्यांचे टायर

गेल्या हिवाळ्यात हार्त्सच्या डोंगरातून हॅनोव्हरला परतताना आमची गाडी बर्फावर घसरली. पावसाचं पाणी रस्त्यावर गोठून काचेसारखं झालं होतं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी माझं ऐकत नव्हती. आवाज न करता ती रस्त्यात आडवी वळली आणि कठड्याला टेकून थांबली. मला, बायकोला साधं खरचटलंही नाही. मागून येणारी गाडी मात्र आमच्या शेजारून तशीच घसरत खाली झाडीत गेली. जाताना तिच्यातल्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाचले नाहीत.

यंदा ऑक्टोबरमध्ये टायर बदलायला गेलो. दुकानातल्या बाईंना म्हटलं, "बर्फावर पकड धरणारे, खिळे बसवलेले टायर द्या."

"जर्मनीत त्यांना बंदी आहे. रस्ते उखडतात," त्या म्हणाल्या. "साधे विंटर टायर घ्या. चांगले आहेत."

"आणि रस्त्याची काच झाली तर?"

"तर घरी थांबायचं."

बायकोने हळूच विचारलं, "त्या आजोबांचे कसले होते रे?"

"विंटरचेच. नवेकोरे. पोलीस म्हणाले होते."

आम्ही साधेच घेतले. टायर बसवून झाले तरी मी गाडीपाशी नुसता उभा होतो, तेव्हा बायकोने माझ्या हातातून किल्ली घेतली.

आता गाडी तीच चालवते. मी शेजारी बसतो आणि प्रत्येक वळणावर, जिथे ब्रेक नाही तिथे, पाय दाबून धरतो.